परतीची वायर

मीटरबाईंनी चाप लावलेला ग्लो प्लग चिमट्यात धरला, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवलं आणि डाव्या हाताने विमानाच्या कुशीतल्या सॉकेटमध्ये बॅटरीची पिन खोचली. प्लगच्या पोटातली केसाएवढी गुंडाळी तांबूस झाली. तेवढीच. त्यांनी मनात वीस आकडे मोजले. रंग पुढे सरकला नाही.

“पेटला का हो, वन्सं?” वहिनींनी दारातून विचारलं.

“पेटला नाही. नुसता लाजला.”

“तांबडा तर दिसतोय.”

“तांबड्याने भागत नाही. नारिंगी हवा, झगझगीत. एवढ्याशा उबेवर इंजिन खोकेल आणि गप्प बसेल.”

वहिनी हात फडक्याला पुसत आत आल्या. पुढच्या खोलीतलं जेवणाचं मेज त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच जप्त झालं होतं. पंख उतरवलेलं, रिमोटवर उडणारं एक छोटं पिवळं विमान त्यावर जुन्या उशीला टेकून बसलं होतं, आणि घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

मीटरबाई हे काही त्यांचं नाव नव्हतं. वीजमीटर तपासणी केंद्रात नोकरीला लागल्या त्याच दिवशी थोरल्या भावाने ते ठेवलं, आणि एकतीस वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांच्याही तोंडून तेच निघालं. या वेळी त्यांना भावाने बोलावलं नव्हतं. फोन वहिनींचा होता. “त्यांना विमान उडवायचंय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही या.” दुसऱ्याच दिवशी मीटरबाई दोन जोडी कपडे आणि एक अवजारांची पेटी घेऊन हजर झाल्या. पेटी कपड्यांपेक्षा जड होती.

दादांना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा पाय तीन महिन्यांत परत आला. बोलणं तर, वहिनींच्या मते, होतं त्याहून थोडं जास्तच परत आलं. उजव्या हाताचं मात्र अजून काही ठरत नव्हतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलत, वस्तू धरत. पण धरलेलं सोडायला वेळ लावत. शर्टाची बटणं वहिनी लावत. कपातला चहा मेजावर सांडे, तो वहिनी पुसत. नगररचना कार्यालयात उभी हयात नकाशे काढलेला हात होता तो. एका मिलिमीटरच्या रुंदीत तीन रेषा काढून दाखवत असे, आणि तिन्ही वेगळ्या दिसत.

आणि अशा छोट्या इंजिनाला नेमकं सोडणंच लागतं. सुरू करताना प्लगच्या डोक्यावर बॅटरीचा चाप लावायचा, प्रोपेलरला फटका देऊन इंजिन पेटवायचं, आणि त्याने एकदा लय धरली की चाप काढून घ्यायचा. पुढे प्लग स्वतःच्याच आगीवर तापत राहतो. चाप काढण्याच्या त्या क्षणी मिनिटाला दहा हजार फेरे घेणारा प्रोपेलर हातापासून चार बोटांवर असतो. ज्याची बोटं वेळेवर सुटत नाहीत, त्याने तिथे हात घालू नये. अशी छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबच्या सचिवांनी हेच अधिक सभ्य भाषेत पत्रातून कळवलं होतं. आजारपणानंतर प्रत्येक वैमानिक सभासदाने दोन परीक्षकांसमोर, कुणाच्याही मदतीशिवाय, आपलं इंजिन सुरू करावं, विमानाच्या तीन फेऱ्या माराव्यात आणि ते सुखरूप उतरवावं. येता रविवार, सकाळी नऊ. न जमल्यास नाव वैमानिकांच्या यादीतून प्रेक्षक सभासदांच्या यादीत जाईल.

मीटरबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि मेजावरचा टेबलक्लॉथ काढून घडी घातली.

त्यांचा उपाय सरळ होता. चाप प्लगवर कायमचा बसवायचा. तिथून वायर विमानाच्या पोटातून मागे न्यायची आणि पंखांच्याही मागे, कुशीत, एक सॉकेट बसवायचं. बॅटरीची पिन तिथे खोचायची आणि तिथूनच उपसायची. फिरता प्रोपेलर मग हातभर लांब राहतो. पिनेला त्यांनी पडद्याची एक कडी अडकवली होती, म्हणजे बोटांनी पकडायची गरजच नाही. एक बोट कडीत घालून हात मागे घेतला की काम झालं. बोट सोडायचं नाही, नुसतं जायचं.

आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. दादा मेजापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी प्लगकडे पाहिलं नाही, वायरकडे पाहिलं.

“मीटरबाई, दारावरच्या घंटीची वायर घातलीस का विमानाला?”

“घरात तीच होती. दुहेरी आहे, लवचीक आहे.”

“लवचीक आहे, पण तो प्लग तीन अँपिअर मागतो. एवढ्या बारीक वायरीत निम्मा जोर वाटेतच मरतो.”

मीटरबाईंनी मीटर लावला. बॅटरीपाशी दीड व्होल्ट, प्लगपाशी नऊ दशांश. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका आकड्यांत मांडलेल्या बाईला घंटीची वायर भोवली होती.

“बोल की,” दादा म्हणाले.

“काय बोलू? आकडा बोलला.”

दादा हसले आणि काठी टेकत परत आत गेले. बुधवार होता तो.

गुरुवारी जाड वायर आली, तेलाला आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या मऊ आवरणाची. मीटरबाईंनी ती मोजून कापली, टोकं सोल्डर केली, आणि इंजिनाच्या थरथरीने सोल्डर तुटू नये म्हणून दर दोन इंचांवर दोऱ्याने बांधून घेतली. मग त्यांनी दुसरी, तेवढीच लांब वायर कापली. वहिनी भाजी निवडत समोर बसल्या होत्या.

“दोन कशाला? आणायचाय एकीकडून, न्यायचाय एकीकडे.”

“गेलेला करंट परत यावा लागतो, वहिनी. तो इंजिनाच्या अंगातूनच येतो, पण हे इंजिन नायलॉनच्या बैठकीवर बसलंय. तिथे वाट बंद. म्हणून इंजिनाच्या पायावर, या नटाखाली, तांब्याची चकती घालायची आणि तिथून परतीची वायर सॉकेटपर्यंत आणायची.”

“म्हणजे माहेरी गेलेल्या बाईसारखं. जाते आपली आपण. आणायला मात्र कुणाला तरी पाठवावं लागतं.”

“तुम्हाला कोण आलं होतं आणायला?”

“तुमचे दादा. दुसऱ्याच दिवशी. घरात चहाची पूड सापडत नव्हती.”

शुक्रवारी संध्याकाळी विमान मागच्या अंगणात नेलं. शेपटी दोरीने खुंटीला बांधली. दादा स्टुलावर बसले, डाव्या हाताने पिन खोचली, डाव्याच हातातल्या लाकडी दांडक्याने प्रोपेलरला फटका दिला. पहिला फटका कोरडा गेला. दुसऱ्याला इंजिनाने कर्कश आवाज काढला आणि तो आवाज एकसारखा झाला. पलीकडच्या भिंतीवरचं मांजर उडी मारून नाहीसं झालं. दादा उठून विमानाच्या मागे आले, कडीत उजव्या हाताचं बोट घातलं आणि पाऊल मागे घेतलं. पिन सुटली. इंजिन चालू राहिलं.

वहिनींनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते, तरी त्या काहीतरी ओरडून सांगत होत्या. मीटरबाई घड्याळ पाहत होत्या. चाळीस सेकंद झाल्यावर दादांनी इंधनाची नळी चिमटीत दाबली आणि इंजिन थांबवलं. अंगण अचानक मोठं वाटू लागलं.

“चांगलं झालंय काम,” दादा म्हणाले. ते विमानाकडे नव्हे, खुंटीकडे पाहत होते. “फारच चांगलं झालंय.”

त्या संध्याकाळी सचिवांचा फोन आला. वहिनींनी तो दादांना नेऊन दिला आणि आवाज मोठा असल्यामुळे पलीकडचं बोलणं दोघींना ऐकू आलं. उद्या नाही, परवा. सगळे येणार आहेत. तुम्ही परत येताय म्हटल्यावर जुने-नवे एकूण एक. घरच्यांनाही आणणार आहेत. दादा “हो, हो” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर भूक नाही म्हणाले.

शनिवारी सकाळी मीटरबाई मेजापाशी बसल्या त्या केवळ शेवटची पाहणी म्हणून. खोलीत पिकल्या केळ्यासारखा वास होता. पंखाचा कापडी कोपरा कुठे उसवला की दादा लॅकर लावत, त्याचा तो वास. मीटरबाईंनी त्याकडे लक्ष दिलं नाही. प्लग बाहेर काढून त्यांनी तो इंजिनाला टेकवला आणि पिन खोचली.

काही झालं नाही. तांबूससुद्धा नाही.

केंद्रात त्यांचा एक नियम होता: दोष आधी आपल्या हातच्या कामात शोधायचा, मग वस्तूत, मग जगात. त्यांनी सॉकेट खोलून दोन्ही सोल्डर पुन्हा वितळवून नवे केले. फरक नाही. बॅटरी मोजली, भरलेली होती. एकामागून एक तीन नवे प्लग लावले. तिन्ही गार. जाणारी वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. काटा सरळ शून्यावर आला, म्हणजे वायर अखंड. परतीची वायर सॉकेटपासून चकतीच्या मानेपर्यंत मोजली. तीही अखंड. प्रत्येक तुकडा चांगला होता आणि सगळं मिळून बिघडलेलं होतं.

साडेदहा वाजले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तपासायचं एकच ठिकाण राहिलंय आणि ते आपण तपासलं नाही, कारण तो नट आपण स्वतः आवळला होता. त्यांनी मीटरची एक सुई चकतीच्या मानेवर ठेवली, दुसरी इंजिनाच्या अंगावर. काटा हलला नाही.

चकती नटाखाली घट्ट होती. नट चकतीवर घट्ट होता. मीटरबाईंनी पान्याने नट सोडवला, चकती वर घेतली आणि भिंगाखाली धरली. तांबं काचेतून पाहावं तसं चमकत होतं. त्यांनी बाहेरच्या काठावर नख ओढलं. कांद्याच्या पातीवरची साल निघावी तशी पारदर्शक पापडी नखाखाली आली. त्यांनी ती नाकाशी नेली.

पिकलेलं केळं.

“वहिनी, इकडे या जरा.”

वहिनी आल्या. मीटरबाईंनी आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“सरळ विचारते. तुम्हाला हे विमान नको आहे का?”

“सरळ सांगते. मला ते मेज परत हवंय. विमानाशी माझं काही वैर नाही.”

“इथे कुणीतरी लॅकर लावलंय. मुद्दाम. करंट परत येऊ नये म्हणून.”

वहिनींनी चकतीकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

“आणि ते मी लावलं? वन्सं, परवापर्यंत करंट परत येतो हेच मला माहीत नव्हतं. मला बंद पाडायचं असतं तर मी बॅटरी पिठाच्या डब्यात टाकली असती.”

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे दोघींना कळलं. घरात तिसरंच माणूस होतं. आतून रेडिओवरच्या बातम्यांचा आवाज येत होता.

“पहाटे उठले होते,” वहिनी म्हणाल्या. “विचारलं तर म्हणाले, पाणी प्यायला.”

“किती वेळ?”

“पाणी प्यायला लागतो त्यापेक्षा जास्त.”

मीटरबाईंनी चकती कागदावर ठेवली. “इंजिन सुरूच झालं नाही तर नापास इंजिन होतं. तो होत नाही.”

“सगळे येणार म्हटल्यावर जेवले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.” वहिनींनी हात पुढे केला. “ते भिंग द्या.”

त्यांनी चकती खिडकीच्या उजेडात नेली आणि इतका वेळ पाहत राहिल्या की मीटरबाईंना वाटलं, त्यांना काय पाहायचं ते कळलेलं नाही.

“हा नट काढावा लागला असेल?” वहिनींनी विचारलं.

“काढावा लागला. मग चकती काढली, दोन्ही अंगांनी रंगवली, आतला काठसुद्धा. वाळवली. परत बसवली, नट आवळला.”

“डाव्या हाताने?”

“नट आवळायला दोन हात लागतात. एकाने खालचा बोल्ट धरायचा, दुसऱ्याने वर पाना.”

“आणि कुठे सांडलेलं नाही.”

“नाही.”

“वायरीवर नाही, नटावर नाही. एक थेंब नाही, वन्सं.”

 सकाळपासून मीटरबाई दोष शोधत होत्या. हे त्यांना दिसलं नव्हतं. वहिनी खुर्चीवर बसल्या आणि भिंग त्यांनी मांडीवर पालथं ठेवलं.

“आज सकाळी मी त्यांच्या शर्टाची पाच बटणं लावली,” त्या म्हणाल्या. “पाच. उभे होते आपले, मान वर करून.”

मग त्यांना हसू आलं, आणि ते लगेच थांबवण्यासाठी त्यांना फडकं तोंडाशी न्यावं लागलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “पुसून टाका ते लॅकर. गुपचूप. उद्या सुरू होईल, सुरू झालं की उडवतील. कितीही घाबरले तरी चार लोकांत मागे फिरणारे नाहीत.”

“आज हे पुसलं तर उद्या इंधनाच्या नळीत कापूस निघेल. बंद पाडायच्या वाटा त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.”

“मग?”

“पुसायचं तर त्याने पुसायला हवं.”

त्यांनी चकती होती तशी, लॅकरसकट, परत नटाखाली घातली आणि नट आवळला.

दुपारी तीनला चहा झाल्यावर मीटरबाईंनी भावाला हाक मारली. मेजावर विमान, मीटर, पाना, तीन नवे प्लग आणि फोन एवढंच मांडलेलं होतं. दादा येऊन बसले. उजवा हात त्यांनी मेजावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

“सकाळपासून शोधतेय,” मीटरबाई म्हणाल्या. “प्लग पेटत नाही. दोष सापडत नाही.”

“तुला?”

“मला.”

“वय झालं तुझं.”

“झालं असेल. म्हणून तुला विचारतेय.”

दादांनी डाव्या हाताने मीटरची सुई उचलली. त्यांनी बॅटरी मोजली. जाणारी वायर मोजली, आणि मोजताना काय मोजतोय ते बारकाईने सांगत गेले, जणू बहीण शिकायला आली होती. परतीच्या वायरीपाशी आल्यावर मात्र सुई खाली ठेवली.

“प्लगच गेला असेल.”

“हे तीन नवे आहेत. तिन्ही लावून पाहिले.”

“सॉकेट?”

“खोलून नव्याने सोल्डर केलं.”

“असतं असं कधीकधी.” दादा खुर्चीत मागे रेलले. “यंत्र आहे शेवटी. उद्याचं राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

ते इतक्या सहज बोलले की हे वाक्य बरेच दिवस तयार असावं, असं वाटलं. मीटरबाईंनी फोन जवळ ओढला.

“ठीक आहे. सचिवांना कळवते. पत्रात लिहिलंय, यंत्रात बिघाड असेल तर आदल्या दिवशी सांगा म्हणून.”

“काय सांगणार?”

“आहे ते. जोडणी बहिणीने केली होती. एकतीस वर्षं मीटर तपासत होती, पण दोन वायरी तिला धड जोडता आल्या नाहीत. दोष तिच्या कामात आहे.”

“असं कशाला सांगायचं? सांग, इंजिन बिघडलं.”

“इंजिन काल चाललं. बॅटरी भरलेली आहे. प्लग नवे. मग राहिलं कोण? मीच राहिले.” त्यांनी पत्र उघडून नंबर पाहिला आणि एकेक आकडा दाबू लागल्या, चष्म्यातून खाली पाहत, घाई न करता. “लोक विचारतील, कुणी केलं होतं काम. सांगावं लागेल.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

“थांब,” दादा म्हणाले.

मीटरबाईंचं बोट फोनवर थांबलं.

“तुझ्या जोडणीत दोष नाही.”

“तुला काय ठाऊक?”

 दादा मेजावरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी अंगठा थोडा उचलला, आणि तो परत खाली यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ दोघंही त्याच्याकडे पाहत राहिली.

“एवढा उशीर,” दादा म्हणाले. “रोज दुपारी दार लावून रिमोटच्या दांडीवर करून बघतो. उडवताना चालून जाईल. उतरवताना एवढा उशीर म्हणजे विमान सरळ जमिनीत. आणि अख्खा क्लब येणार, बायकापोरं घेऊन.”

“येऊ देत.”

“आपटेल ते, मीटरबाई.”

“आपटलं तर आपटेल. आणून इथे ठेवू. जोडू. परत नेऊ.”

“इथे नाही ठेवायचं!” स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. “दुसरीकडे कुठेही ठेवा.”

दादांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण ते पुरतं आलं नाही. मीटरबाईंनी फोन खाली ठेवला नाही, उचललाही नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल भिंतीला लावत होतं. त्यांनी ती नीट लागेपर्यंत तिकडे पाहिलं.

मेजावर लोखंड सरकल्याचा आवाज आला. दादांनी पाना घेतला होता. उजव्या हाताची बोटं त्यांनी इंजिनाच्या पायाखाली घातली, बोल्ट धरला, आणि डाव्या हाताने नट फिरवला. चकती सुटून वायरीच्या टोकाला वर आली. दादांनी ती उजेडात धरली. बाहेरच्या काठावर नखाची एक ताजी ओढ होती, आणि तिच्या टोकाशी लॅकरची पापडी उचकटलेली होती.

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती अजून सायकलीकडे पाहत होती.

“इथे लॅकर लागलंय,” दादा म्हणाले.

“असं?”

“कुणाचा तरी हात लागला असेल.”

“असेल.” मीटरबाईंनी चष्मा काढून पुसला. “ज्याचा लागला, त्याचा हात चांगला स्थिर आहे. भिंगाखाली पाहिलं मी. माझ्याकडून इतकं नेटकं झालं नसतं.”

 दादांनी डावा हात पुढे केला.

“बारीक पॉलिश पेपर दे.”

मीटरबाईंनी पेटीतून पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला. दादांनी चकती उजव्या हाताच्या अंगठ्याखाली मेजावर दाबून धरली आणि डाव्या हाताने घासायला सुरुवात केली. वरचं अंग, मग खालचं, मग पेपरची सुरळी करून आतला काठ. पांढरी भुकटी मेजावर पडत गेली आणि तिच्याखालून तांबं नव्यासारखं लाल निघालं. वहिनी येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात पुसायचं फडकं होतं, आणि ते त्यांनी हातातच राहू दिलं.

चकती बोल्टवर बसली. दादांनी नट उजव्या हाताच्या दोन बोटांत घेतला, बोल्टच्या टोकावर नेला आणि सोडला. तो उशिरा सुटला, मेजावर आपटला आणि खाली गडगडत गेला. दोघींपैकी कुणी वाकलं नाही. दादा मेजाची कड धरून खाली गेले, शोधून वर आले आणि पुन्हा नट टोकावर नेला. पुन्हा तो पडला. पुन्हा ते खाली गेले. या वेळी वर यायला त्यांना जास्त वेळ लागला, आणि खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा आटे लागले.